डेटाबेस जोडणीचे कॉन्फिगरेशन

डेटाबेस जोडणीचे कॉन्फिगरेशन म्हणजे वेब ॲप्लिकेशनने आपल्या डेटाबेसशी (विदागाराशी) कोणत्या पत्त्यावर, कोणत्या नावाने, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या मर्यादांत संपर्क साधावा, हे ठरवून देणारी मांडणी होय. ही मांडणी बहुधा दहा-पंधरा ओळींत मावते. ॲप्लिकेशनच्या हजारो ओळींच्या तुलनेत तिचा आकार नगण्य असतो. परंतु माहितीची गुप्तता, गर्दीच्या वेळी संकेतस्थळ चालू राहणे आणि साठवलेला मजकूर शुद्ध राहणे या तिन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. या कारणाने जोडणीचे तपशील मूळ आज्ञावलीपासून वेगळे ठेवणे, त्यांना किमान आवश्यक तेवढेच अधिकार देणे आणि प्रत्येक प्रतीक्षेला व संख्येला मर्यादा घालणे, ही या विषयाची तीन मूलभूत तत्त्वे मानली जातात.

पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसचे प्रतिमान मांडले. त्यावर आधारलेल्या प्रणाली पुढे व्यवहारात आल्या, तेव्हा प्रत्येक उत्पादकाची जोडणीची पद्धत निराळी होती. एका प्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या प्रणालीवर चालवायची, तर जोडणीचा भाग नव्याने लिहावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ही समान पद्धती आणली. जावा भाषेसाठी तशीच जेडीबीसी ही पद्धती १९९७ साली उपलब्ध झाली. या पद्धतींत आज्ञावली आणि डेटाबेस यांच्यामध्ये 'ड्रायव्हर' नावाचा दुभाषा असतो. जोडणीचे तपशील या दुभाष्याला पुरवले की पुढील संवाद तो पार पाडतो.

त्याच काळात वेबचा प्रसार झाला. १९९३ मध्ये पुढे आलेल्या सीजीआय पद्धतीत वाचकाच्या प्रत्येक विनंतीसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू होई आणि काम संपताच ती बंद होई. डेटाबेसची जोडणीही तशीच दरवेळी नव्याने जुळवावी लागे. वाचकांची संख्या वाढली तसा हा खर्च परवडेनासा झाला आणि एकदा जुळलेली जोडणी पुन्हा पुन्हा वापरण्याची पद्धत रूढ झाली.

जोडणी कशी घडते

ॲप्लिकेशन आणि डेटाबेस हे दोन स्वतंत्र कार्यक्रम असतात. ते पुष्कळदा दोन वेगळ्या संगणकांवर चालतात. जोडणी घडताना प्रथम सर्व्हरच्या नावावरून त्याचा जाळ्यातील पत्ता शोधला जातो. नंतर त्या पत्त्यावरील ठरावीक पोर्टशी टीसीपी संपर्क साधला जातो. संवाद सांकेतिक करायचा असेल, तर त्याची बोलणी होतात. त्यानंतर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड यांची पडताळणी होते. शेवटी अक्षरसंच, कालविभाग यांसारख्या गोष्टी ठरतात आणि मगच पहिला प्रश्न विचारता येतो.

यांतील बहुतेक पायऱ्यांना जाळ्यावरून निरोपांची किमान एक फेरी लागते. शिवाय सर्व्हरवरही भार पडतो. पोस्टग्रेस-एसक्यूएल ही प्रणाली प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू करते, तर माय-एसक्यूएल सामान्यतः प्रत्येक जोडणीसाठी एक थ्रेड राखते. जोडणी निष्क्रिय असली तरी तिच्यासाठी काही स्मृती अडकून राहते. यामुळे जोडण्या मोजक्याच ठेवाव्या लागतात.

मांडणीतील घटक

सर्व्हरचा पत्ता: डेटाबेस ज्या संगणकावर चालतो त्याचे नाव किंवा अंकी पत्ता. डेटाबेस त्याच संगणकावर असल्यास 'लोकलहोस्ट' असे लिहितात. युनिक्स प्रकारच्या प्रणालींवर माय-एसक्यूएल 'लोकलहोस्ट' या नावाचा अर्थ थोडा वेगळा लावते: ती टीसीपीऐवजी संगणकावरील सॉकेट फाइलमधून संपर्क साधते. याउलट १२७.०.०.१ हा पत्ता दिल्यास टीसीपी वापरले जाते. एका पद्धतीने जोडणी जुळते आणि दुसरीने जुळत नाही, या कोड्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

पोर्ट: एकाच संगणकावर अनेक सेवा चालतात, त्यांतील नेमकी कोणती हवी हे पोर्टच्या क्रमांकावरून कळते. पोस्टग्रेस-एसक्यूएलसाठी ५४३२, माय-एसक्यूएलसाठी ३३०६, एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३ आणि ओरॅकलसाठी १५२१ हे प्रचलित क्रमांक आहेत.

डेटाबेसचे नाव: एका सर्व्हरवर अनेक डेटाबेस असू शकतात, म्हणून हे नाव द्यावे लागते.

वापरकर्ता आणि पासवर्ड: हा वापरकर्ता म्हणजे संकेतस्थळाचा वाचक नव्हे. तो ॲप्लिकेशनचे डेटाबेसमधील प्रतिनिधित्व करणारा खातेदार असतो. माय-एसक्यूएलमध्ये खातेदाराची ओळख नाव आणि तो जेथून येतो तो पत्ता, अशा जोडीने ठरते. त्यामुळे नाव तेच असूनही एका संगणकावरून प्रवेश मिळतो आणि दुसऱ्यावरून नाकारला जातो.

हे सर्व घटक कधी स्वतंत्रपणे, तर कधी एका सलग पत्त्याच्या स्वरूपात लिहितात. सलग पत्त्यात प्रथम प्रणालीचे नाव, मग वापरकर्ता, अपूर्णविराम, पासवर्ड, 'ॲट'चे चिन्ह, सर्व्हर, पोर्ट आणि शेवटी तिरकी रेघ देऊन डेटाबेसचे नाव, असा क्रम असतो. पासवर्डमध्येच 'ॲट'चे किंवा तिरक्या रेघेचे चिन्ह असेल, तर पत्त्याची फोड चुकते. अशी चिन्हे टक्केवारीच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या संकेतांत लिहावी लागतात. उदाहरणार्थ, 'ॲट'च्या जागी %४० हा संकेत इंग्रजी अंकांत लिहितात.

एस्क्यूलाइट ही प्रणाली या वर्णनाला अपवाद आहे. तिचा संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये असतो आणि तिला वेगळा सर्व्हर लागत नाही. तेथे पत्ता, पोर्ट व पासवर्ड यांऐवजी केवळ फाइलचे स्थान द्यावे लागते आणि संरक्षण त्या फाइलच्या परवानग्यांवर अवलंबून राहते.

तपशील कोठे ठेवावेत

प्रचलित ॲप्लिकेशनांनी या तपशिलांसाठी ठरावीक जागा नेमलेल्या आहेत. वर्डप्रेसमध्ये ते 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या फाइलमध्ये असतात. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यात 'लोकलसेटिंग्ज' या नावाची फाइल हे काम करते. जॅंगो या पायथॉन भाषेतील चौकटीत 'सेटिंग्ज' नावाची, तर रूबी ऑन रेल्समध्ये 'डेटाबेस' नावाची फाइल असते.

पासवर्ड आज्ञावलीतच लिहून ठेवणे सोपे असते, परंतु त्यातून दोन धोके उद्भवतात. पहिला धोका प्रसाराचा आहे. आज्ञावली सहकाऱ्यांना दिली जाते, तिच्या प्रती निघतात, ती कधी सार्वजनिक भांडारातही ठेवली जाते. गिटसारखी आवृत्ती-नियंत्रण प्रणाली जुन्या सर्व आवृत्त्या जपून ठेवते. त्यामुळे नजरचुकीने नोंदला गेलेला पासवर्ड पुढच्या आवृत्तीत पुसला तरी इतिहासात वाचता येतो. अशा वेळी तो पासवर्ड तत्काळ बदलणे हाच खरा उपाय असतो. दुसरा धोका बदलाचा आहे. पासवर्ड आज्ञावलीत असेल, तर तो बदलताना ॲप्लिकेशनही बदलावे लागते आणि म्हणून तो बदलण्याचे टाळले जाते.

यावर उपाय म्हणून हे तपशील परिसर-चलांत, म्हणजे कार्यक्रम सुरू होताना कार्यप्रणालीकडून त्याला मिळणाऱ्या मूल्यांत, ठेवण्याची पद्धत रूढ आहे. हेरोकू या सेवेच्या अभियंत्यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या नावाने जी बारा तत्त्वे मांडली, त्यांतील तिसरे तत्त्व याच विषयाचे आहे. त्यात एक सोपी कसोटी दिली आहे: एकही गुपित उघड न होता संपूर्ण आज्ञावली आत्ता या क्षणी सार्वजनिक करता येईल काय? उत्तर नकारार्थी असल्यास कॉन्फिगरेशन आणि आज्ञावली यांची फारकत झालेली नाही, असे समजावे.

परिसर-चलेही पूर्णतः सुरक्षित नसतात. दोष आढळल्यावर काही ॲप्लिकेशने सर्व चलांची यादी पडद्यावर दाखवतात किंवा नोंदवहीत लिहितात. सलग पत्ता जसाच्या तसा नोंदवहीत उतरला, तर त्यासोबत पासवर्डही उतरतो. मोठ्या संस्था म्हणूनच गुपिते राखणारी स्वतंत्र सेवा वापरतात. फाइलचाच वापर करायचा असल्यास ती इतर खातेदारांना वाचता येणार नाही अशा परवानग्या देतात. पीएचपी फाइल सर्व्हर स्वतः चालवतो, तिचा मजकूर वाचकाला दाखवत नाही. परंतु बदल करण्यापूर्वी तिची प्रत वेगळ्या विस्तारनामाने त्याच जागी ठेवली, तर ती साध्या मजकुरासारखी कोणालाही उतरवून घेता येऊ शकते.

विकास, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांसाठी वेगवेगळे डेटाबेस आणि वेगवेगळे पासवर्ड ठेवणे आवश्यक मानले जाते. स्वयंचलित चाचण्या आपले काम संपवताना सारण्या रिकाम्या करतात. चाचणीची जोडणी चुकून प्रत्यक्ष वापरातील डेटाबेसकडे वळलेली असेल, तर खरी माहितीच पुसली जाते.

अधिकार आणि सुरक्षितता

ॲप्लिकेशनच्या खात्याला सर्वाधिकार देण्याचा मोह टाळावा लागतो. बहुतेक ॲप्लिकेशनांना रोजच्या कामासाठी नोंदी वाचणे, भरणे, बदलणे आणि काढणे हे चार अधिकार पुरतात. सारणी निर्माण करणे किंवा तिची रचना बदलणे हे काम क्वचित पडते. ते वेगळ्या खात्याने करता येते. काही सॉफ्टवेअरांना अद्ययावत होताना हा अधिकार लागतो. अशा वेळी त्यांच्या सूचना पाहून निर्णय घ्यावा लागतो. ॲप्लिकेशनमधील एखाद्या त्रुटीतून परक्याने घुसखोरी केली, तर त्याला त्या खात्याचेच अधिकार मिळतात. खाते मर्यादित असेल, तर हानीही मर्यादित राहते.

डेटाबेस दुसऱ्या संगणकावर असल्यास संवाद टीएलएस पद्धतीने सांकेतिक करणे इष्ट ठरते. येथे पर्यायांचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. पोस्टग्रेस-एसक्यूएलच्या जोडणीत 'प्रेफर' हा पर्याय गृहीत धरलेला असतो. तो शक्य असल्यास सांकेतिक संवाद करतो, अन्यथा उघडपणे बोलू लागतो. 'रिक्वायर' हा पर्याय सांकेतिक संवादाचा आग्रह धरतो. परंतु समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे याची खात्री सामान्यतः करत नाही. प्रमाणपत्र आणि सर्व्हरचे नाव या दोहोंची पडताळणी 'व्हेरिफाय-फुल' या पर्यायात होते.

जोडणीसंच

एकदा जुळलेल्या जोडण्या बंद न करता राखून ठेवणे आणि मागणीप्रमाणे त्या वापरायला देणे, या व्यवस्थेला जोडणीसंच किंवा कनेक्शन पूल म्हणतात. ग्रंथालयात वाचक पुस्तक नेतो, वाचून परत करतो आणि तेच पुस्तक दुसऱ्याला मिळते, तसाच हा व्यवहार असतो. विनंती आली की संचातील एक जोडणी घेतली जाते आणि काम होताच ती परत केली जाते. सर्व जोडण्या बाहेर असतील, तर नव्या विनंतीला थांबावे लागते.

संच किती मोठा असावा, हा या विषयातील नेहमीचा प्रश्न आहे. हिकारी-सीपी या जावामधील प्रसिद्ध संचात कमाल १० जोडण्या गृहीत धरलेल्या असतात. पायथॉनमधील एसक्यूएल-अल्केमीत ५ कायम आणि गर्दीत आणखी १० अशी मर्यादा असते. या संख्या नवशिक्याला फार लहान वाटतात. परंतु एक प्रश्न २० मिलिसेकंदांत सुटत असेल, तर एक जोडणी सेकंदाला ५० आणि दहा जोडण्या ५०० प्रश्न हाताळू शकतात. एका पानासाठी पाच प्रश्न लागत असतील, तर सेकंदाला १०० पाने देता येतात. संच वाढवल्याने सर्व्हरची गती वाढत नाही. प्रक्रियक आणि तबकडी यांच्या क्षमतेपलीकडे जोडण्या वाढवल्यास त्यांच्यातील चढाओढीने प्रत्येक काम मंदावते.

दुसरी मर्यादा सर्व्हरची असते. पोस्टग्रेस-एसक्यूएल मुळात १०० जोडण्या स्वीकारते आणि त्यांतील ३ प्रशासकासाठी राखून ठेवते. माय-एसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आहे. समजा, एखादे ॲप्लिकेशन ४ संगणकांवर चालते, प्रत्येकावर त्याच्या ८ प्रक्रिया आहेत आणि प्रत्येक प्रक्रियेचा संच ५ जोडण्यांचा आहे. या हिशेबाने एकूण १६० जोडण्या होतात. इतर दिवशी सर्व संच भरत नाहीत, म्हणून दोष दिसत नाही. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी गर्दी होते, सर्व संच एकाच वेळी भरू लागतात आणि सर्व्हर नव्या जोडण्या नाकारतो. संकेतस्थळाची खरी गरज असते त्याच दिवशी ते बंद पडते. नवी आवृत्ती बसवताना जुन्या आणि नव्या प्रक्रिया काही काळ सोबत चालतात, हेही हिशेबात धरावे लागते.

प्रक्रियांची संख्या फार असल्यास ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यामध्ये स्वतंत्र मध्यस्थ ठेवतात. पोस्टग्रेस-एसक्यूएलसाठी पीजी-बाउन्सर हा असा मध्यस्थ आहे. त्याच्या व्यवहारनिहाय पद्धतीत जोडणी केवळ एका व्यवहारापुरती दिली जाते. त्यामुळे थोड्या जोडण्यांवर पुष्कळ काम भागते; मात्र एका व्यवहारात केलेली सत्रापुरती सेटिंगे पुढच्या व्यवहारात टिकतील, असे गृहीत धरता येत नाही.

घेतलेली जोडणी परत न करणे या दोषाला जोडणीची गळती म्हणतात. काम मध्येच बिघडल्यावर जोडणी परत करण्याची ओळ वगळली जाते आणि संच हळूहळू रिकामा होतो. ॲप्लिकेशन पुन्हा सुरू केल्यावर काही तास सर्व सुरळीत चालणे व नंतर पुन्हा अडणे, हे त्याचे लक्षण असते.

कालमर्यादा

प्रत्येक प्रतीक्षेला मर्यादा असणे आवश्यक आहे. जोडणी जुळण्यासाठी, संचातून जोडणी मिळण्यासाठी आणि प्रश्नाचे उत्तर येण्यासाठी, अशा तीन मर्यादा वेगवेगळ्या ठरवाव्या लागतात. पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये प्रश्नाच्या कालावधीवर मुळात कोणतीही मर्यादा नसते. त्यामुळे एखादा चुकीचा प्रश्न जोडणी दीर्घकाळ अडवून ठेवू शकतो.

याउलट सर्व्हरही निष्क्रिय जोडण्या स्वतःहून तोडतो. माय-एसक्यूएलमध्ये ही मर्यादा मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास असते. रात्रभर संकेतस्थळावर कोणी फिरकले नाही, तर संचातील जोडण्या सर्व्हरच्या बाजूने तुटलेल्या असतात, पण ॲप्लिकेशनला त्याची वार्ता नसते. सकाळी येणाऱ्या पहिल्या वाचकाला 'सर्व्हर हॅज गॉन अवे' असा दोष दिसतो आणि नंतर सर्व पूर्ववत चालते. जोडणीचे कमाल आयुष्य सर्व्हरच्या मर्यादेहून कमी ठेवणे किंवा वापरण्यापूर्वी ती जिवंत आहे काय हे तपासणे, हे यावरचे उपाय आहेत.

अक्षरसंच आणि मराठी मजकूर

जोडणीच्या मांडणीत अक्षरसंचाची एक ओळ असते. इंग्रजी मजकुरात तिची चूक सहसा उघड होत नाही. मराठी मजकुरात मात्र ती घातक ठरते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक, तर देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. म्हणजे त्याचे पंधरा बाइट होतात. जोडणीचा अक्षरसंच 'लॅटिन-१' असा ठरला असेल, तर सर्व्हर त्या पंधरा बाइटांना पंधरा स्वतंत्र युरोपीय चिन्हे समजतो.

अशा जोडणीतून लिहिलेला मजकूर त्याच जोडणीतून वाचला, तर दोन चुका परस्परांना झाकतात आणि पडद्यावर मराठी शुद्ध दिसते. परंतु शब्दांची लांबी, शोध आणि अकारविल्हे क्रम चुकतात. पुढे कोणी जोडणी दुरुस्त केली की जुना सारा मजकूर अगम्य चिन्हांत दिसू लागतो. हा मजकूर बहुधा परत मिळवता येतो. मात्र जोडणी योग्य असून सारणीचा रकाना 'लॅटिन-१' असेल आणि सर्व्हर काटेकोर तपासणी करत नसेल, तर प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह साठवले जाते. ती हानी भरून येत नाही. मूळ मजकूर राखीव प्रतीतूनच आणावा लागतो.

माय-एसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' या नावाचा जो जुना अक्षरसंच आहे, तो प्रत्येक चिन्हाला कमाल तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात मावते, म्हणून मराठी संकेतस्थळांवर त्याची उणीव लवकर लक्षात येत नाही. इमोजींना चार बाइट लागतात. २०१४ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीच्या चिन्हांनाही चारच लागतात. असे चिन्ह आल्यास सर्व्हर नोंद नाकारतो किंवा, तपासणी शिथिल असल्यास, त्या चिन्हापासून पुढचा मजकूर कापून टाकतो. २०१० साली आलेल्या 'यूटीएफ-८-एमबी-४' या अक्षरसंचाने ही उणीव भरून काढली आणि २०१८ मधील ८.० या आवृत्तीपासून तोच मूळ अक्षरसंच झाला. रकाना, जोडणी आणि वेबपान या तिन्ही ठिकाणी योग्य अक्षरसंच असणे आवश्यक असते.

दोषांची लक्षणे

जोडणी न जुळल्यास दोषाच्या संदेशावरून अडचण कोणत्या पायरीवर आहे हे ओळखता येते.

सर्व्हरचे नावच सापडत नसेल, तर पत्ता लिहिण्यात चूक असते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' या संदेशाचा अर्थ बहुधा असा की तो संगणक सापडला, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. डेटाबेस बंद असणे किंवा पोर्ट चुकणे ही त्याची कारणे असतात. बराच वेळ थांबून मुदत संपत असेल, तर मधली फायरवॉल निरोप अडवत असण्याची शक्यता अधिक असते. माय-एसक्यूएलचा १०४५ हा दोष नाव, पासवर्ड किंवा येण्याचा पत्ता मान्य नसल्याचे सांगतो. या टप्प्यावर पत्ता व पोर्ट बरोबर असल्याचे सिद्ध झालेले असते. १०४० या दोषाचा अर्थ जोडण्यांची मर्यादा संपली असा होतो. तेव्हा मर्यादा वाढवण्यापूर्वी गळती आहे काय, आणि सर्व संचांची बेरीज किती होते, हे तपासणे श्रेयस्कर असते.

ॲप्लिकेशन ज्या संगणकावर चालते, त्याच संगणकावरून आणि त्याच खात्याने डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाद्वारे जोडणी करून पाहणे ही उपयुक्त चाचणी आहे. ती यशस्वी झाली, तर दोष ॲप्लिकेशनला मिळणाऱ्या तपशिलांत शोधावा लागतो. ती अयशस्वी झाली, तर तो सर्व्हर, जाळे किंवा खाते यांत असतो. जोडणी जुळल्यानंतर एक मराठी वाक्य साठवून ते परत वाचावे आणि त्याची लांबी चिन्हांत मोजून पाहावी. 'मराठी' या शब्दाची लांबी पाच आली, तर अक्षरसंच योग्य आहे. पंधरा आली, तर मजकूर वाढण्यापूर्वीच मांडणी दुरुस्त करावी लागते.